सहाशे फुटांवर नुसता फुफाटा

महोदय,

परवा शेजाऱ्यानं माझ्या बांधाला लागून सहाशे फूट बोअर पाडलं. वर आला तो नुसता फुफाटा. मी काही साधू नाही; माझेही दोन बोअर कोरडे गेलेत, कर्ज तेवढं हिरवं आहे.

आपल्याखाली काळा बेसाल्ट खडक. पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. खोल जाऊन भेग लागलीच, तर तिथलं पाणी वर्षानुवर्षांचं साचलेलं. एका पावसाळ्यात ते भरून येत नाही. 2009 च्या महाराष्ट्र भूजल कायद्यात शेतीसाठी साठ मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई आहे, हे बोअरच्या गाडीवाल्याला सांगितलं तर तो हसला.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी (टाकीचे डबे), पाच लाख लिटर! आम्ही ते विसरलो आणि पुन्हा ऊस लावला (मीसुद्धा, अर्धा एकर).

यंदा आजोबांच्या सहा परस (परस म्हणजे पुरुषभर उंची) विहिरीतला गाळ काढला, ओढ्याला दगडी बांध घातला. मार्गशीर्षात अजून दोन परस पाणी आहे. ग्रामसभेत हे बोललो तेव्हा मंडळी चहाला उठली. पत्र छापलंत तर कात्रण पारावर चिकटवीन.

– एक शेतकरी, ता. औसा, जि. लातूर