आईबाप फडावर असताना गावात मुलांचं कोण ऐकणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

26 जानेवारीच्या ग्रामसभा तोंडावर आल्या आहेत. बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या आमच्यासारख्या गावांत त्या दिवशी निम्मं गाव जागेवर नसतं. दिवाळी झाली की ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमांच्या गाड्या लागतात, कोयते बाहेर पडतात, कुणी सांगली-कोल्हापूरकडे जातं, कुणी पार कर्नाटकात. माणसं घरी येतात ती गुढीपाडव्याच्या आसपास. दुसरीकडे गावाच्या विकास आराखड्याचं काम 2 ऑक्टोबरपासून सुरू होतं. म्हणजे पुढच्या वर्षी गावात काय व्हायचं हे ज्या दिवसांत ठरतं, त्याच दिवसांत गावातली कर्ती माणसं उसाच्या फडात असतात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. म्हाताऱ्यांपैकी कितीजणांना शाळेपर्यंत चालत येणं होतं, हे मी दर सभेला बघते. आणि पोरांचं नाव मतदार यादीत नाही, म्हणून ती ग्रामसभेची सभासद नाहीत. अशा घराचं म्हणणं मांडणारं मग कुणीच उरत नाही.

मी ग्रामपंचायत सदस्य आहे. लहानपणी आईबापाबरोबर मीही फडावर गेलेली आहे, त्यामुळे कोपीत (फडावरच्या झोपडीत) राहताना शाळा कशी सुटते हे मला कुणी सांगायला नको. मागणं एकच आहे : ऊसतोडीच्या गावांमध्ये डिसेंबर-जानेवारीत बालसभा (मुलांनी आपलं म्हणणं मांडायची सभा) खरोखर भरवावी, तिथली मागणी 26 जानेवारीच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर वेगळा विषय म्हणून घ्यावी, आणि काय ठरलं याचं लेखी उत्तर ग्रामपंचायतीनं शाळेला द्यावं. आराखडा करताना बालसभा घ्या, असं मार्गदर्शक सूचनांमध्ये आहेच. बऱ्याच ठिकाणी ती होते कशी? बालदिनाला मुलांना रांगेत बसवतात, पाहुण्यांची भाषणं होतात, बिस्किटाचे पुडे वाटतात, फोटो काढून वर पाठवतात. प्रोसिडिंगला "विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्यात आले" एवढी एक ओळ. मुलं काय बोलली, याची ओळ कुठेच नाही.

यंदा आम्ही शाळेच्या ओसरीत बसून मुलांना नुसतं बोलू दिलं. भाऊसाहेब (आमचे ग्रामसेवक) वही घेऊन खाली सतरंजीवर बसले, खुर्ची घेतली नाही. पहिली दहा-पंधरा मिनिटं कुणी तोंड उघडेना. मग सहावीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मुलींच्या संडासाला आतून कडी नाही. एकीनं आत जायचं आणि एकीनं दार धरून उभं राहायचं. दार धरायला मैत्रीण आली नसली तर दिवसभर जायचंच नाही." तिनं हे सांगितलं आणि मग सगळ्याच बोलायला लागल्या. पाणी कमी पितो म्हणाल्या, म्हणजे जावं लागत नाही. एका कडीची किंमत काय असते? या शाळेत आम्ही सदस्य झेंड्याला जातो, परीक्षेचे निकाल ऐकतो, पण त्या दारापर्यंत कुणी गेलं नव्हतं.

हंगामी वसतिगृहातल्या (आईबाप ऊसतोडीला गेलेल्या मुलांसाठी हंगामापुरती ही सोय असते) मुलांनी दुसरी गोष्ट सांगितली. ही मुलं संध्याकाळी शाळेत जेवतात आणि आजीकडे झोपायला जातात. वाटेत ओढा आहे, त्याच्या अलीकडच्या खांबावर दिवा नाही. लहानग्यांना मधे घालून मोठी मुलं पुढे-मागे चालतात. ही रांग कशी लावायची हे त्यांनी आपसात ठरवलं होतं, कुणा मोठ्यानं नाही. एका मुलानं तर कोणत्या खांबावर दिवा हवा ते खडूनं फरशीवर काढून दाखवलं, आणि जुन्या विहिरीचा कठडा कुठे पडलाय तेही. आमच्या मागच्या आराखड्यात स्वागत कमान होती आणि पेव्हर ब्लॉक होते. कमान नको असं माझं म्हणणं नाही. पण कडी, दिवा आणि कठडा या तिन्हींचा मिळून खर्च कमानीच्या पायाइतकासुद्धा नाही.

पैसा नाही, हे उत्तर इथे चालत नाही. वित्त आयोगाच्या निधीतला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला आहे. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. अडचण एवढीच की संडासाला कडी नाही हे आराखडा लिहिणाऱ्याला ठाऊकच नसतं. ज्यांना ठाऊक असतं त्यांना कुणी विचारत नाही.

त्या दिवशीचा सगळ्यात जड प्रश्न नववीतल्या एका मुलीनं विचारला. "आठवीपर्यंत वसतिगृह आहे, आमच्यासाठी का नाही?" हंगामी वसतिगृहाची सोय आठवीबरोबर संपते. नववीची मुलगी मागे ठेवायची तर कुणाच्या भरवशावर, हा आईबापापुढचा खरा घोर असतो. मग ती एक तर फडावर जाते, भावंडं सांभाळते, मोळ्या बांधते, किंवा तिचं लग्न लावून देतात. नवराबायको मिळून एक कोयता धरतात, जोडी झाली की मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) मिळते, हा हिशोबही त्यामागे असतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या जवळपास 22 टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. आमच्या जिल्ह्याचा आकडा याहून कितीतरी मोठा आहे. बालविवाहाच्या बैठकांना मी गेले आहे, तिथे कायदा सांगतात, शिक्षा सांगतात. या पोरीनं मात्र लग्न टाळायला काय लागेल ते एका वाक्यात सांगितलं : नववी-दहावीला राहायची सोय. हा विषय ग्रामपंचायतीच्या हातातला नाही, पण ठराव करून पंचायत समितीला आणि जिल्हा परिषदेला पाठवणं नक्कीच हातात आहे.

"पोरांना काय कळतंय" हे मी आमच्याच बैठकीत ऐकलं. बोलणारे ज्येष्ठ आहेत, माझा त्यांच्यावर राग नाही. पण बाईमाणसाबद्दलही हेच म्हणत होते. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असा कायदा झाला, निम्म्या जागा राखीव झाल्या, तेव्हा कुठे पाण्याच्या टाकीची जागा बायकांना विचारून ठरू लागली. मुलांचाही हक्क नुसता कृपेचा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचं 12 वं कलम सांगतं की मुलाशी संबंधित बाबतीत त्याला मत मांडता आलं पाहिजे आणि वयाप्रमाणे, समजेप्रमाणे त्या मताला वजन दिलं पाहिजे. भारतानं ही संहिता डिसेंबर 1992 मध्ये मान्य केली. पंचायतींना बळ देणारी 73 वी घटनादुरुस्ती संसदेत मंजूर झाली तीही त्याच महिन्यात. शेजारच्या कर्नाटकात मुलांच्या ग्रामसभा ग्रामपंचायती भरवतात, तिथे त्यांना 'मक्कळ ग्रामसभे' म्हणतात. आमची कितीतरी माणसं दर हंगामाला त्याच राज्यात ऊस तोडायला जातात. आपल्याकडेही शाळा व्यवस्थापन समितीत दोन विद्यार्थी घ्यायचे असतात. ते दोघं बैठकीत बसतात की फक्त सहीपुरते बोलावले जातात, हे प्रत्येक पालकानं एकदा आपल्या शाळेत जाऊन विचारावं.

एक काळजी मात्र घेतली पाहिजे, आणि ती मी कळकळीनं सांगते. मुलं मोकळी झाली की घरातलंही बोलतात. कुणाचा बाप पिऊन मारतो, कुणाची सोयरीक ठरते आहे. असलं काही पन्नास जणांपुढे निघालं तर ते वहीत नावानिशी लिहायचं नाही. मुलाला बाजूला घेऊन अंगणवाडीताईंनी किंवा शाळेतल्या बाईंनी ऐकायचं, गाव बाल संरक्षण समितीकडे न्यायचं, गरज पडली तर 1098 ला फोन करायचा. बालविवाहाच्या बाबतीत गावात ग्रामसेवक हेच प्रतिबंधक अधिकारी असतात, त्यामुळे भाऊसाहेबांनी बालसभेला स्वतः बसणं हे नुसतं वही भरण्यासाठी नाही. मूल बोललं म्हणून त्याला घरी मार बसला, तर पुढच्या सभेत एकही मूल तोंड उघडणार नाही.

आमच्या मुलांची मागणी यंदाच्या विषयपत्रिकेवर लागली आहे. ठरावाला सूचक मी आहे. कडी आणि दिवा ग्रामसभेची वाट न बघता बसवू, असं सरपंचांनी कबूल केलं आहे. कठडा आणि नववी-दहावीच्या वसतिगृहाचा ठराव सभेपुढे येईल. शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी, तिकडे पाथर्डीपर्यंतच्या सदस्यांना, विशेषतः बायांना, माझी विनंती आहे की 26 तारखेला अजून अवधी आहे तोवर एका दुपारी शाळेत जाऊन बसा. आणि नववी-दहावीच्या मुलींच्या सोयीचा ठराव तुमच्याही ग्रामसभेत घ्या. एका गावाचा कागद फायलीत पडून राहील. सगळ्या तालुक्यांतून एकाच मागणीचे ठराव गेले, तर पुढचे कोयते बाहेर पडायच्या आत जिल्हा परिषदेला त्यावर निर्णय घ्यावा लागेल.

आपली,
एक ग्रामपंचायत सदस्या, जि. बीड