मंत्रिमहोदय, स्फटिक कापणारे हात आपल्याकडे घडवा

माननीय केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री यांस,

सविनय नमस्कार.

मी पुण्यात धातूंच्या पातळ थरांवर काम करते. हे पत्र चांदीच्या एका स्फटिकासाठी आहे. शर्टाच्या बटणाएवढा तो स्फटिक परदेशातून यायला सात महिने लागले.

आरशासारखा चकचकीत घासला, तरी स्फटिक अणूंच्या मापाने सपाट नसतो. काप आतल्या अणूंच्या थरांशी किंचित तिरका गेला की पृष्ठभागावर एकेका अणूच्या उंचीच्या पायऱ्या पडतात. आमच्या चांदीच्या स्फटिकात ही उंची ०.२३६ नॅनोमीटर. काप १ अंशाने तिरका असेल तर दर साडेतेरा नॅनोमीटरला पायरी येते, ०.२ अंशाने असेल तर जवळपास ६८ नॅनोमीटरला. निर्वातात वाफेतून येऊन पडलेले अणू या पायऱ्यांवर भटकत राहतात. घाटावर पाचोळा जसा पायरीच्या कोपऱ्यात साचतो, तसे ते पायरीच्या पायथ्याला चिकटतात. पायरी पुढे सरकते आणि थर सपाट वाढतो. पायऱ्या लांब लांब असल्या तर अणूंची वाटेतच गाठ पडते आणि बेटं तयार होतात. बेटावर पडलेल्या अणूला काठावरून खाली उतरणं जड जातं, हे १९६६ मध्ये एर्लिश आणि श्वोबेल या शास्त्रज्ञांच्या कामातून पुढे आलं. मग बेटावर बेट चढतं आणि ढिगारे उभे राहतात.

आम्ही १ अंशाचा काप मागवला होता. आला तो ०.२ अंशाचा. माझी विद्यार्थिनी सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर एकेक ओळ उमटताना बघत होती. सपाट थराच्या जागी ढिगारे दिसले तेव्हा ती कितीतरी वेळ बोललीच नाही. बदली स्फटिक यायला आणखी पाच महिने गेले. तिची शिष्यवृत्ती काही तेवढे महिने थांबली नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये सरकारने सेमीकंडक्टर उद्योगासाठी ७६,००० कोटींची योजना मंजूर केली, त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण चिपमधला धातूचा थरही कुठल्या तरी पृष्ठभागावरच वाढतो. क्ष-किरणांनी दिशा ठरवून, ०.१ अंशाच्या आत कापून-घासून स्फटिक देणारी एक कार्यशाळा आपल्या खात्याने काढावी आणि ती सगळ्या विद्यापीठांना खुली ठेवावी. भोसरीच्या कारखान्यांत वायरकटवर, म्हणजे तारेतल्या विजेच्या ठिणग्यांनी धातू कापणाऱ्या यंत्रावर, मायक्रॉनचं काम रोज चालतं. त्या हातांना मऊ चांदी ओरखडा न उमटवता घासायला शिकवता येईल.

आणि तिथली पदं कायम ठेवा, साहेब. दोन वर्षांच्या कंत्राटावर नकोत; या कामावर हात बसायलाच तेवढा वेळ जातो.

आपली नम्र,
भौतिकशास्त्राची एक अध्यापिका, पुणे