घरातली झाडं आणि तुझी दोन जनावरं

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

नव्या घराचे फोटो पाहिले. बोका खिडकीत बसलाय आणि त्याच्या पाठीवर मनीप्लांट लोंबतोय, म्हणून लगेच लिहायला बसले.

मनीप्लांट, डिफेनबेकिया, सिंगोनियम ही सगळी अळूच्याच कुळातली. कच्च्या अळूने घसा खाजतो तो पानातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, आणि ते याही पानांत असतात. बोक्याने चावलं तर तोंडाची आग होईल, लाळ गळेल, उलटी होईल. सहसा जिवावर बेतत नाही, तरी वेल शेजारी देऊन टाक. टांगून उपयोग नाही, मांजर चढतंच.

मला खरी धास्ती आहे ती लिलीची. वास्तुशांतीला कुणी ना कुणी गुच्छ आणणार आणि त्यात त्या मोठ्या, घमघमणाऱ्या लिली असणार. वाईट दिसलं तरी चालेल, पण त्या घरात घेऊ नकोस. मांजराला पान, पाकळी, फुलदाणीतलं पाणीसुद्धा विषारी. केशरी पराग अंगावर सांडला आणि त्याने तो चाटला, एवढंही पुरतं. आधी उलट्या होतात, खाणं सुटतं. मग कधीकधी जरा सावरल्यासारखं वाटतं, आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडं निकामी होतात. म्हणून ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही. सलाईन पहिल्या काही तासांत लागलं तर वाचण्याची आशा चांगली असते. (पीस लिली यातली नव्हे, तीही अळूच्या कुळातली.)

शेरूला खाली फिरवतेस तिथे गेटपाशी सागो पाम दिसला. त्याची पानं, मुळं सगळीच विषारी, पण बिया सर्वांत वाईट. कुत्र्याचं यकृत जातं. तिथे पट्टा आखूड धर आणि खाली पडलेल्या बिया उचलायला सोसायटीत सांग.

काही खाल्लंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नकोस, त्या मिठानेच विषबाधा होऊ शकते. झाडाची फांदी पिशवीत घालून सरळ डॉक्टरांकडे जा. रात्री उघडा असणारा जनावरांचा दवाखाना कुठला, ते आजच विचारून ठेव.

हिरवळ हवीच ना तुला? स्पायडर प्लांट, अरेका पाम, बोस्टन फर्न खुशाल लाव. अरेकाची रोपं मी वेगळी करून ठेवली आहेत, दादाबरोबर पाठवते.

तुझी,
आई