बाब्याला, बोआकहून

बोआक, मारिंदुके (फिलिपिन्स)
१ एप्रिल २०२४

प्रिय बाब्या,

तारीख बघून एप्रिल फूल समजू नकोस. मी जहाजावर नाही. २० मार्चलाच मनिलाला उतरलो. ‘रिलिव्हर आला नाही, माझ्या जागी माणूस नाही’ हे आईला सांगितलं ते खोटं, बायकोला सांगितलं तेही, आणि तुलाही. शिव्या घालून झाल्या की पुढे वाच.

तब्येत बरी आहे. पित्त आहेच.

होळीच्या रात्री तू गुडघ्याला पट्टा बांधून माझ्या वाटणीचं संकासुराचं सोंग नाचवलंस आणि मी इथे आमच्या बोसनच्या (जहाजावरच्या खलाशांच्या मुकादमाच्या) अंगणात भाजलेला मासा खात होतो. तिकीट काढलं असतं तर २२ ला घरी असतो. पण पालखी आधी कुणाच्या वाडीत, यावरून या वर्षीही जुंपणार, आणि काका मला पुढे ढकलणार, ‘बोल रे, तू शिकलेला.’ मागे बोललो तेव्हा तू आठ महिने अबोला धरला होतास. (चूक तुझीच होती. पालखी वरच्या आळीतूनच यायची, आजोबांना विचार. म्हणजे आता विचारता येणार नाही, म्हणून जिंकलास.)

बोसन म्हणाला, चल गावी, आमचा पवित्र आठवडा आहे. पौर्णिमा एकच बघ, तिकडे होळी आणि इकडे ईस्टर. लुसेनाहून तीनेक तास बोट, बालानाकानचा धक्का, आणि उतरतो तर समोर संकासुर! त्यांचा ‘मोरियन’. रोमन शिपायाचा वेश, डोक्यावर टोप, लाकडी मुखवटा, वटारलेले डोळे, दाढी. पोरं किंचाळत आयांच्या मागे. आपला काळा, यांचा लालभडक, एवढाच फरक. मोगपोग गावात जुन्या पद्धतीचे टोप, वर कागदी फुलांचा नुसता ढीग. मुखवटा हातात घेतला तर हलका. लाकूड ‘दापदाप’चं म्हणाले. झाड दाखवलं तर आपला पांगारा! जो आपण कुंपणाला लावतो, त्याच्यापासून हे देवाचं काम करतात.

गोष्ट लाँगिनसची. एका डोळ्याने आंधळा शिपाई. क्रुसावर येशूच्या कुशीत भाला मारतो, रक्ताचा थेंब डोळ्यात उडतो आणि दिसायला लागतं. मग थडग्यावर पहारा देताना येशू उठलेला बघतो आणि गावभर सांगत सुटतो. बाकीचे शिपाई त्याच्या मागे. काल रविवारी त्याला धरलं, निसटला, परत धरलं, परत निसटला. तिसऱ्यांदा मुंडकं. ‘पुगुतान’ म्हणतात. तलवारीच्या टोकावर मुखवटा वर गेला तेव्हा माझ्या शेजारची म्हातारी रडत होती. दरवर्षी बघत असेल.

आता मूळ मुद्दा. ही हौस नाही, नवस आहे. ‘पानाता’. सोमवारपासून रविवारपर्यंत त्या उन्हात मुखवटा, आणि आत कोण ते सांगायचं नाही. बोसनची मुलगी लहानपणी मरता मरता वाचली, तेव्हा त्याने दहा वर्षं बोलली. दोन वर्षं तो बोटीवर होता, भावाने वेश घेतला. मी म्हटलं, मग आठ झाली की दोन भावाची, संपलं. तो हसला. म्हणाला, भावाची वर्षं भावाच्या खात्यात, माझी दोन अजून बाकी.

बाब्या, तेव्हापासून झोप नाही.

आईने संकासुराची बोललेली सात वर्षं. तीन मी केली, चार तू. या वर्षी सातवं. परवा फोनवर सांगत होती, पालखीच्या सहाणेवर नारळ ठेवला, गुरवाने गाऱ्हाणं घातलं, नवस फिटला. आवाज इतका हलका झाला होता तिचा. आणि मी ‘जहाजावरून’ बोलत होतो, मागे कोंबडा आरवत होता. तिने विचारलं, बोटीवर कोंबडा कसला? मी म्हटलं, कुकने पाळलाय. विश्वास बसला तिचा.

तिला सांगू का? सांगितलं तर तिचा फिटलेला नवस परत उसवणार. नाही सांगितलं तर चार वर्षं माझ्याच नावावर राहणार, निदान मला तरी. मागची तीन समुद्रातच होतो, ती मी सोडतो, देवही सोडेल. हे चौथं सुटत नाही. आणि तू गुडघ्याचं एक अक्षर बोलला नाहीस, वहिनीने माझ्या बायकोला सांगितलं म्हणून कळलं.

हापूसचा मोहोर गळला म्हणालास, पुढे? पोराचे दहावीचे पेपर बरे गेले ना?

मी ८ ला घरी येतोय, ‘रिलिव्हर आला’ म्हणून. तोपर्यंत झगा आणि घुंगरं आईकडे देऊ नकोस, ती पेटीत घालून कुलूप लावील. तुझ्याच माळ्यावर ठेव. पुढची होळी १३ मार्चला आहे, मी बघितली. आणि नाचताना तुझा गुडघा नक्की कुठल्या उडीला गेला ते लिही. मला ती उडी कधीच जमली नव्हती.

तुझा,
पक्या