बंडातल्या शिपायांची बाजू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३१ जुलै १८५७ च्या रात्री कोल्हापुरात २७ व्या मुंबई देशी पलटणीने केलेल्या बंडाविषयी आपल्याकडील एका पत्रात ‘खजिना लुटून पळालेले शिपाई’ असे शब्द वाचले. खजिना लुटला गेला, हे नाकारता येत नाही. मात्र शिपाई का उठले, हे आपल्याला कळते ते मुख्यतः बंड मोडायला आलेल्या कर्नल जेकब या इंग्रज अधिकाऱ्याच्या, १८७१ मध्ये छापलेल्या आठवणींतून.

इंग्रजांच्या स्वतःच्या बंडखोर शिपायांचे असे झाले नाही. मे १६४९ मध्ये थकलेला पगार, आयर्लंडची लादलेली मोहीम आणि सामान्यांचे राजकीय हक्क यांवरून इंग्लंडचा सेनानी क्रॉमवेल याच्या फौजेतील ‘लेव्हलर’ (सर्वांना समान राजकीय हक्क मागणाऱ्या) मताचे शिपाई उठले. क्रॉमवेलने बर्फर्ड या गावी रात्री छापा घालून सुमारे ३४० जणांना चर्चमध्ये कोंडले आणि तिघांना गोळ्या घातल्या. अँथनी सेडली या कैद्याने बाप्तिस्म्याच्या कुंडाच्या शिशावर कोरलेले नाव, साल आणि ‘कैदी’ हा शब्द (तोही अशुद्ध) आजही तिथे वाचता येतो. पुढे ऑगस्टमध्ये सहा शिपायांनी पत्रक छापून बजावले की, आम्ही भाडोत्री नव्हेत. १६४७ मध्ये साऱ्या फौजेने न्यूमार्केटला केलेला, मागण्या मान्य होईपर्यंत न पांगण्याचा करार आम्ही पाळला, तो मोडला सेनापतींनी, आणि वाटाघाटी चालू असताना आमच्यावर घाला घातला. त्यांचे सगळेच म्हणणे मला पटत नाही, कारण करार मोडला की नाही हे ज्याने त्याने ठरवायचे म्हटले तर फौज उभीच राहणार नाही. पण त्यांनी ते छापले, म्हणून तर आज त्यांच्याशी वाद घालता येतो.

कोल्हापूरच्या शिपायांना छापखाना कुठला? पकडलेल्यांपैकी काहींना तोफेच्या तोंडी दिले, बंडाला साथ दिल्याचा संशय असलेले छत्रपतींचे धाकटे भाऊ चिमासाहेब यांची रवानगी कराचीला झाली. बंडवाल्यांवर चालून गेलेल्या लेफ्टनंट केर या इंग्रज अधिकाऱ्याला व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्य-सन्मान मिळाला. त्याचा जीव वाचवणाऱ्या शिपायाला तो मिळणे शक्यच नव्हते, कारण हिंदी सैनिकांना हा सन्मान १९११ पासून खुला झाला. इंग्रजी नोंदीत या शिपायाचे नाव ‘गंपुंट रो देव केर’ असे छापले आहे. हे गणपतराव नेमके कोणत्या आडनावाचे, ते आपणच ताडायचे! सरकारच्या बाजूने लढलेल्याची ही गत, तर बंडवाल्यांची काय असेल?

चिमासाहेब चौकातून मी रोज जातो. तेथील पुतळ्याला वर्षातून एकदा हार घालण्यापेक्षा, लष्करी खटल्यांचे जे कागद हाती लागतील त्यांतील शिपायांच्या जबान्या शिवाजी विद्यापीठाच्या इतिहास विभागाने मराठीत छापाव्यात, अशी विनंती आपल्या दैनिकामार्फत करीत आहे. त्यांत लूटच कबूल केलेली निघाली, तरी ती वगळू नये.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, मंगळवार पेठ, कोल्हापूर