बिनपंख्याचा संगणक आणि अण्णांची पेटी

म्हार्दोळ, गोवा
9 जून

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा 'सावकाश सांगतो' म्हणून मी ठेवून दिला. ते सावकाश आज सापडलं. दुपारपासून पाऊस लागून राहिलाय, करंट दोनदा जाऊन आला. आई जेवून झोपली. सांगायचंय ते फोनवर नीट झालं नसतं.

बाबांची कॅसेटींची पत्र्याची ट्रंक तुला आठवत असेल. चौसष्ट कॅसेटी निघाल्या. देवळातली भजनं, चवथीच्या आरत्या आणि आमच्या पडवीतल्या बैठका. गेल्या पावसाळ्यात त्यातल्या दोघींच्या फितीला पांढरी बुरशी धरली, तेव्हा ठरवलं की आता थांबायचं नाही, सगळ्या संगणकावर उतरवून घ्यायच्या. डेक दुरुस्त करून आणला, जोडला, पहिली कॅसेट लावली. आणि ऐकायला बसलो तर ऐकूच येईना. म्हणजे बाबांचा आवाज येत होता, पण त्यामागचा तंबोरा कुठे संपतो आणि माझ्या संगणकाचा पंखा कुठे सुरू होतो ते कळेना.

तीन रात्री मी यात घालवल्या, मग हिशेब केला. पंख्याला सात पाती, मिनिटाला बाराशे फेरे. म्हणजे सेकंदाला वीस फेरे, आणि वीस गुणिले सात, 140. तो पंखा 140 हर्ट्झला गुणगुणत होता. बाबा गायचे काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा त्यांचा सा, तो षड्ज साधारण 138 आणि 139 च्या मधला. दोन सूर इतके जवळ आले की त्यांच्यात डोल पडतो, तंबोरा लावताना तारा जुळत आल्या की पडतो ना, तसाच. फरक एवढाच की हा डोल मिटत नव्हता. बाबांच्या षड्जाला रात्रभर कुणीतरी बेसूर साथ करतंय असं वाटायचं, आणि मला ते सहन होईना.

पंख्याचा वेग कमी केला, तर सूर खाली आला आणि मशीन तापलं. शेवटी कॅबिनेट उघडलं. आत तांबडी धूळ आणि दमट हवा मिळून प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांमध्ये गोधडीच्या तुकड्यासारखा थर बसला होता. चिमटीत धरून ओढला तर सलग निघाला. त्याच क्षणी माझं ठरलं. आपल्याकडे पंखा नुसता आवाज करत नाही, तो बाहेरची सगळी ओल आणि माती आत ओढून घेतो. पंखाच नको.

पंखा काढला की उष्णता न्यायची कोणी? मी ऑस्ट्रियातल्या नॉक्टुआ कंपनीचा एनएच-पी१ हा हीटसिंक मागवला, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून हवेत सोडणारा धातूचा ठोकळा. तो 2021 साली बाजारात आला, वजन 1180 ग्रॅम, हातात घेतल्यावर वरवंटा उचलल्यासारखं वाटतं. त्यात सहा तांब्याच्या नळ्या आहेत, आणि मला सगळ्यात जास्त प्रेम बसलंय ते त्या नळ्यांवर. प्रत्येकीत थोडंसं पाणी असतं आणि हवा काढून टाकलेली असते, त्यामुळे ते पाणी शंभर अंशांच्या पुष्कळ खालीच वाफ होतं. प्रोसेसरच्या टोकाला वाफ झाली की ती थंड टोकाकडे धावते, तिथे पट्ट्यांना उष्णता देऊन पुन्हा पाणी होते. पातोळ्या उकडताना झाकणाच्या आत थेंब जमतात, तेच. फक्त इथे थेंब खाली पडायची वाट बघत नाहीत. नळीच्या आतून तांब्याच्या भुकटीचं अस्तर असतं, ते दिव्याची वात तेल ओढते तसं पाणी परत ओढून आणतं.

पट्ट्या जाड आहेत आणि त्यांच्यात चांगली फट आहे. पंखा असला तर बारीक, दाटीच्या पट्ट्या चालतात, कारण हवा जोराने ढकलली जाते. इथे गरम हवा स्वतःहून वर जाणार, तिला रस्ता मोकळा हवा. म्हणून कॅबिनेट उभं ठेवलं, खाली आणि वर जाळी, आणि वरच्या फळीपासून हातभर मोकळी जागा. आपल्या जुन्या घरांत चुलीचा धूर कौलांच्या फटींतून निघून जायचा, त्याच वाटेने ही उष्णता जाते.

प्रोसेसर निवडताना वेगापेक्षा वॉट बघितले. रायझन 5 5600जी घेतला, सहा कोअरचा, ग्राफिक्स आतच असलेला. तो 65 वॉटचा आहे, पण बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मुळातल्या सेटिंगमध्ये, 45 वर बांधता येतो, तसा बांधला. वेग थोडा कमी झाला, मला तो कुठेही जाणवला नाही. पॉवर सप्लायही बिनपंख्याचा, आणि फिरणारी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे काहीच न फिरणारी चिपवरची साठवण. एक गोष्ट मी आधी विसरलो होतो: पंख्याची झुळूक फक्त प्रोसेसरला लागत नसते, एसएसडीला आणि प्रोसेसरशेजारच्या वीज पुरवणाऱ्या भागांनाही लागते. ती बंद झाल्यावर एसएसडी भाजायला लागली. तिच्यावर वेगळी ॲल्युमिनियमची पट्टी बसवावी लागली.

पहिल्या रात्री मशीन चालू केलं तर आई दारात येऊन विचारते, "चालू आसा काय बंद?" मला काय आनंद झाला सांगू! पण थोड्या वेळाने बारीक चिर्र ऐकू आलं. मे महिना, बाहेर रातकिडे, मी खिडकी लावून घेतली. आवाज तसाच. मग लक्षात आलं, पडद्यावर आवाजाची लहर सरकवली की चिर्र बदलते, हात थांबला की तीही थांबते. पॉवर सप्लायमधली वेटोळी थरथरत होती. पंख्याखाली असले आवाज झाकून जातात, शांततेत उघडे पडतात. दुकानदार म्हणाला, "एवढं कोण ऐकतो?" मी ऐकतो, म्हटलं. बदलून द्यायला त्याने तीन आठवडे लावले, त्याचा राग अजून गेलेला नाही.

उन्हाळ्यातच परीक्षा झाली. खोली 33 अंश, तासभर आवाज स्वच्छ करण्याचं काम, प्रोसेसर 81 वर जाऊन थांबला. त्याची मर्यादा 95 आहे. खोली जेवढी तापेल तेवढाच तोही वर जातो, त्यात लबाडी करता येत नाही. म्हणून कामाची वाटणी केलीय. ऐकताना छताचा पंखा बंद, कारण ऐकताना मशीनला फारसं काम नसतं. जड काम लावलं की छताचा पंखा चालू करून मी बाहेर पडतो. त्या झुळकेनेच आठ-दहा अंश उतरतात. पावसात मशीन दिवसभर चालूच ठेवतो, अंगची ऊब असली की ओल धरत नाही.

आता मूळ गोष्ट. सोमवारी रात्री सतरा नंबरची कॅसेट लावली, पडवीतली बैठक. सुरुवातीला पत्र्यावर पाऊस पडतोय, आधी मला ती फितीची खरखर वाटायची. कुणीतरी खाकरतं. मग बाबा हळू आवाजात म्हणतात, "अण्णा, काळी एक दी." आणि पेटीचा सूर येतो. त्याच्यामागे तुझे अण्णा पुटपुटतात, "भाता सुटलाय रे थोडा." सुहास, हे वाक्य या कॅसेटवर आहे हे मला आजवर माहीत नव्हतं. मी ते पाच-सहा वेळा ऐकलं. आईला उठवलं, तिनेही ऐकलं, आणि ती बराच वेळ तिथेच बसून राहिली.

फाइल तुला अजून पाठवलेली नाही, कारण डेकचा वेग बरोबर आहे याची खात्री नाही. माझ्याकडे तो सूर 138 ला पडतोय, पण अण्णांची पेटी तेवढीच होती का? ती अजून तुझ्याकडे आहे ना? तर एक काम कर. घरातले पंखे बंद कर, काळी एक दाबून धर, दहा-पंधरा सेकंद फोनवर रेकॉर्ड कर आणि पाठव. भाता हलक्या हाताने मार, जोर लागला की सूर जागचा सरकतो. तो आला की वेग जुळवतो आणि लगेच पाठवतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनय