चुकीच्या कॉन्सुलेटकडे गेलेला शेंगेन अर्ज आणि रोखून धरलेले शुल्क

दिनांक : २ जून २०२५
दादर (पश्चिम), मुंबई

प्रति,
मा. व्यवस्थापक,
परदेश सहल व व्हिसा विभाग

विषय : १० मे रोजीच्या युरोप सहलीची पूर्ण रक्कम व व्हिसा शुल्क परत मिळणेबाबत.

महोदय,

दोन प्रौढ आणि आठ वर्षांची मुलगी अशा आमच्या बुकिंगची मूळ आखणी पॅरिस ५ रात्री, स्वित्झर्लंड ४, इटली ३ अशी होती. २० मार्चला आपल्याच सूचनेवरून ती पॅरिस ३, स्वित्झर्लंडमधील लुसर्न ३ व इंटरलाकन ३, इटली ३ अशी झाली. शेंगेन व्हिसाच्या (युरोपातील बहुतेक देशांसाठी चालणारा एकच व्हिसा) अर्जाला हॉटेलची व्हाउचर नवी जोडली. अर्ज मात्र ७ एप्रिलला फ्रान्सच्या कॉन्सुलेटकडेच (वकिलातीकडे) गेला.

"विमान पॅरिसला उतरतंय, म्हणून फ्रान्स," हे काउंटरवर मिळालेले उत्तर चुकीचे आहे. मुक्काम ज्या देशात सर्वांत जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. आधी कुठे उतरणार हे मुक्काम समसमान असेल तरच पाहतात. इथे स्वित्झर्लंडच्या सहा रात्री, फ्रान्सच्या तीन. व्हाउचरवरच्या तारखा कुणी बोटांवर मोजल्या असत्या तरी हे लक्षात आले असते.

२२ एप्रिलला पासपोर्ट परत आले. सोबतच्या पत्रात एवढेच आहे की अर्ज आमच्या अखत्यारीत येत नाही, तो स्वित्झर्लंडकडे करावा. याला व्हिसा नाकारणे म्हणत नाहीत. नाकारला की कारणांवर खुणा केलेला ठरावीक फॉर्म हाती येतो आणि शुल्क बुडते. अखत्यारीबाहेरच्या अर्जाचे शुल्क युरोपीय व्हिसा संहितेच्या कलम १८ नुसार परत द्यावे लागते. तरीही आपला मेल एका ओळीचा : "व्हिसा शुल्क नॉन-रिफंडेबल."

मुळात शुल्कही जास्त घेतले आहे. ११ जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो आणि सहा ते बारा वर्षांखालील मुलांना ४५. तिघांचे २२५ होतात, बिलात २७० आहेत. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. आपण काढलेली पॉलिसी २५,००० डॉलरची. अर्ज योग्य कॉन्सुलेटकडे गेला असता तरी इथे अडकलाच असता.

अर्ज प्रवासाच्या निदान १५ दिवस आधी द्यायचा असतो, म्हणजे २५ एप्रिलपर्यंत. हाती तीन दिवस होते आणि स्वित्झर्लंडकडे अर्ज देण्यासाठी आपण मिळवलेली अपॉइंटमेंट ५ मेची. सहल तिथेच बुडाली. ती 'ग्राहकाने रद्द केली' असे दाखवून कापलेले कॅन्सलेशन चार्जेस आम्हाला मान्य नाहीत.

सहलीची पूर्ण रक्कम, आपले सेवाशुल्क, व्हिसा शुल्क आणि मुलीचे जादा घेतलेले ४५ युरो १५ दिवसांत परत करावेत. कॉन्सुलेटकडून शुल्क परत मागितले का, केव्हा मागितले, हे लेखी कळवावे. अन्यथा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. राहत्या ठिकाणच्या आयोगाकडे दाद मागता येते, हे आपणास ठाऊक असेलच.

काउंटरवरच्या मुलीवर ठपका ठेवू नये. तिला दिलेल्या चेकलिस्टमध्ये देशवार रात्रींची बेरीज कुठेच नाही. शेंगेनचा अर्ज सहा महिने आधी देता येतो, म्हणजे दिवाळीच्या सहलींचे अर्ज आत्तापासूनच येतील. तो रकाना त्याआधी घालावा.

आपला,
बुकिंगधारक

सोबत : दोन्ही आखण्या, परत आलेले पत्र, बिल व पॉलिसीची प्रत.